आजीच्या लुगड्यांवर काम करायचंय, विसरणं कापडात कसं आणायचं?

टाका_उसवण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते. मी कोल्हापूरची, आर्टचं शिक्षण झालंय, सध्या एका बुटीकसाठी डिझाईनची कामं करते आणि उरलेल्या वेळात कापडावर माझं स्वतःचं काहीतरी चालू असतं.

आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, आता बरंच विसरायला लागलीय. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलंय. आधी नातवंडांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या, आता पप्पांना ती तिचा धाकटा भाऊ समजते आणि त्यांना माहेरच्या विहिरीचं, बैलांचं विचारत बसते. पण काही गोष्टी मात्र आत घट्ट बसल्यात. आजोबा शाहू मिलमध्ये होते, मिल बंद पडून वीस वर्षांच्या वर झाली, तरी ही पहाटे उठून विचारते भोंगा झाला का गं, डबा भरला का. आणि हे विचारताना पदर खोचलेला असतो.

तिच्या ट्रंकेत लुगडी आहेत. इरकली जास्त, लाल टोप पदराची, एक काळी चंद्रकळा, रुईफुलाच्या काठाचं एक, आणि अगदी विरलेली दोन-तीन जी कुणीच टाकून दिली नाहीत. मला यातून एक मोठं काम करायचंय, भिंतीवर टांगता येईल असं, आठवण आणि विसरणं या विषयावर.

अडचणी दोन. पहिली म्हणजे कापायचं की नाही. घरात दोन पार्ट्या पडल्यात, आई म्हणते ट्रंकेत कसर लागून जाण्यापेक्षा कर काहीतरी, आत्या म्हणते माणूस समोर बसलंय आणि तू त्याच्या लुगड्याला कात्री लावतीस, आणि आत्याचं मला पटतंय पण आईचंही पटतंय.

दुसरी अडचण खरी. विसरणं दाखवायचं म्हटलं की हात आपोआप भोकं पाडायला, कडा जाळायला, तारा उसवायला जातो. मी तशी छोटी सॅम्पल्स केली. बघायला छान दिसतात पण आजीचं विसरणं तसं नाहीये हे दरवेळी जाणवतं. तिच्याकडं भोक पडत नाही. जे गेलं तिथं ती लगेच दुसरं काहीतरी आणून बसवते, मुलाच्या जागी भाऊ, आमच्या गल्लीच्या जागी तिचं माहेर, आणि ते इतक्या ठामपणे की समोरच्यालाच वाटावं आपलं चुकतंय. हे कापडात कसं आणायचं? कुणी असं काम बघितलंय का, केलंय का?

रंगपेटी

ताई, शेवटच्या पॅरात तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. जिथं गेलं तिथं दुसरं आणून बसवणं याला आपल्याकडं ठिगळ म्हणतात. भोकापेक्षा ठिगळ जास्त बोलतं, कारण भोक बघून एवढंच कळतं की काहीतरी नाहीये, ठिगळ बघून कळतं की नव्हतं, आणि कुणीतरी ते भरलं, आणि कशानं भरलं.

लुईझ बुर्झ्वा या शिल्पकार बाईचं काम नीट बघा अशी माझी कळकळीची विनंती आहे. सगळे तिची जाळं विणणाऱ्या कोळ्याची मोठी पोलादी शिल्पं बघतात आणि कापडाचं काम राहून जातं. तिच्या आईवडिलांचा फ्रान्समध्ये जुन्या टॅपेस्ट्री दुरुस्त करायचा धंदा होता. भिंतीवर टांगलेल्या त्या भल्यामोठ्या विणलेल्या चित्रांची खालची बाजू आधी झिजायची, त्यामुळं चित्रातल्या माणसांचे पाय गेलेले असायचे. मग ही लहान पोरगी काय करायची, तर गेलेले पाय चित्र काढून द्यायची, आणि त्यावरून ते परत विणले जायचे. म्हणजे बघा, मूळ पाय कसे होते कुणालाच आठवत नाही, तरी माणूस उभा तर राहिला पाहिजे. तुमची आजी भाऊ आणून बसवते ते मला याच जातीचं वाटतं.

आणि त्याच बाईनं 2002 साली, वयाच्या नव्वदीत, एक कापडाचं पुस्तक केलं, ओद आ लुब्ली नावाचं, विस्मरणाला वाहिलेलं. पानं कशाची, तर तिच्या लग्नातल्या रुखवतातल्या नॅपकिनांची, ज्यावर तिची आद्याक्षरं भरलेली होती, आणि त्यावर जोडकाम केलं ते वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या स्वतःच्याच कपड्यांचे तुकडे कापून. 1938 ला लग्न करून ती न्यूयॉर्कला गेली, तेव्हापासूनची कापडं. साठ-पासष्ट वर्षं सांभाळायचं आणि मग कात्री लावायची, तीही विस्मरणाच्या नावानं.

पण एक फरक आहे आणि तो मी लपवणार नाही. तिनं स्वतःचे कपडे स्वतः कापले. तुम्ही आजीचे कापणार. तुमच्या आत्या जे म्हणतायत त्याचं वजन तिथं आहे.

वाकळवाली_गडहिंग्लज

ताई मी काय आर्टिस्ट न्हाय, मी वाकळ म्हंजी गोधडी शिवते, माझी सासू शिवायची, तिची सासू शिवायची. तुमचं वाचून राहवलं न्हाय म्हणून लिवते.

कापायचं का न्हाई हे इचारलासा. आमच्यात लुगडं कापत न्हाईत, अख्खं अंथरत्यात. खाली एक चांगलं लुगडं, मधी फाटकी जुनी, वर परत एक बरं, कोपऱ्यावर दगूड ठेवायचं, चार बाजूनं चार बायका बसत्यात आणि कडंनं धावदोरा घालत घालत मधी येत्यात. ठिगळ फकस्त जिथं गेलंय तिथं. उगं शोभंला म्हणून ठिगळ लावलेली वाकळ मी तरी शिवली न्हाई.

आणि एक गोष्ट तुमच्या कामाची वाटतीया म्हणून सांगते. वाकळ जुनी झाली, वरचं पार फाटलं, की ती टाकत न्हाईत. तिला नवं लुगडं खालनं वरनं घालून परत शिवत्यात. ती जुनी वाकळ आत तशीच. माझ्या घरात एक वाकळ हाय ती उचलायला दोन माणसं लागत्यात, आत किती थर हायत कुणाला म्हाईत न्हाई, माझ्या आजेसासूच्या अंगावरचं लुगडं आत हाय असं सासू सांगायची, आता सासू बी गेली. ते कुणी बघितलं न्हाई आणि कुणी बघणार बी न्हाई, पण रोज रात्री अंगावर तेच असतंय. वजन कळतंय.

तुमच्या आजीला इचारा ओ. मला तर वाटतंय तिला सुई द्या हातात. लुगड्याचं काय करायचं ते बाईमाणसाच्या हाताला ठावं असतंय.

दातार_गल्ली_नव्हे_पण_इचलकरंजी

वाकळवाली काकू, नमस्कार करतो तुम्हाला, आत जुनी वाकळ ठेवून शिवायचं हे मी लहानपणी बघितलंय पण असा विचार कधी केला नव्हता.

ताई, मी टेक्स्टाईलवाला, प्रोसेसिंगमध्ये बरीच वर्षं काढली. कलेचं रंगपेटी सर बघतील, मी कापडाचं सांगतो कारण कापडाला स्वतःची आठवण-विसर आहे आणि ती केमिस्ट्रीची आहे.

पहिलं, ती काळी चंद्रकळा. तिला बाकीच्यांपासून आजच वेगळी करा. जुना काळा रंग दोन प्रकारचा असू शकतो. हिरड्यासारखा तुरट पदार्थ आणि लोखंड मिळून केलेला काळा असेल तर लोखंड हळूहळू धाग्याला खातं. सल्फर ब्लॅक असेल, जो सुती कापडावर भरपूर वापरला गेला, तर दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर त्यातल्या गंधकाचं ॲसिड तयार होतं आणि सूत कुजतं. दोन्हीत दिसायला कापड एकदम काळंभोर, ठणठणीत, आणि बोटानं ताणलं की कागदासारखं टर्रकन जातं. कडेचा एखादा धागा काढून ताणून बघा. लगेच तुटला तर ती भिंतीवर टांगायच्या लायकीची नाही, खाली मलमल धरून त्यावर टाचावी लागेल. ती फाटणार आहेच, ते तुम्हाला कामात वापरायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण माहीत असताना वापरा.

दुसरं, विसरणं दाखवायला जाळू-बिळू नका. तुमच्या घरात, सांगली-कोल्हापूरच्या प्रत्येक घरात, विसरणारा रंग डब्यात भरून ठेवलाय. हळद. सुती कापडावर हळद कशाच्याही मदतीशिवाय लगेच चढते, बघणाऱ्याचे डोळे दिपतील असा पिवळा येतो, आणि उन्हात ठेवलं की काही दिवसांत उतरायला लागते. आम्ही रंगारी लोक याला कच्चा रंग म्हणून नाक मुरडतो. तुम्हाला तर कच्चाच पाहिजे. नीळ किंवा मंजिष्ठ पक्की, ती त्याच उन्हात टिकून राहील. म्हणजे एकाच कापडावर काही टाके पक्क्या दोऱ्यानं आणि काही हळदीत रंगवलेल्या दोऱ्यानं घातले तर प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सगळं सारखं दिसेल आणि उजेडात जसजसे दिवस जातील तसं काय राहतं आणि काय जातं हे लोकांच्या डोळ्यासमोर होईल.

रात्रपाळी

मी इथं थोडा विरोधी सूर लावणार आहे, राग मानू नका. मी वृद्धांच्या देखभालीचं काम करते, डिमेन्शियाची माणसं रोज हाताळते.

कामाची कल्पना सुंदर आहे आणि सगळ्यांचे सल्लेही मनापासून आहेत पण या पूर्ण धाग्यात आजीसाठी काय आहे हे फक्त वाकळवाल्या काकूंनी विचारलं. तुमची आजी आज आहे. तिची लुगडी ट्रंकेत बंद करून किंवा भिंतीवर टांगून तिला काय मिळणार? या आजारात नावं, तारखा, काल काय झालं हे आधी जातं. हाताला लागलेल्या सवयी, भाजी निवडणं, कणीक मळणं, घडी घालणं, शिवणं, या पुष्कळ जणांत बऱ्याच उशिरापर्यंत राहतात, कारण ती आठवण मेंदूत वेगळ्या वाटेनं साठलेली असते. म्हणून परदेशात हॉस्पिटलमध्ये अशा पेशंटना विणलेला एक मफ, म्हणजे दोन्ही हात आत घालायची नळी, देतात, आतून बाहेरून रिबिनी, लोकरीचे गोंडे, वेगवेगळ्या पोताची कापडं शिवलेली, हात त्यात गुंतले की माणूस शांत होतं, सलाईन ओढत नाही.

तुम्ही आधी ते करा. विरलेल्या लुगड्यांतून मांडीवर घ्यायला एक छोटी चौघडी शिवा, एका बाजूला काठ, एका बाजूला पदराचं रेशीम, एखादी गाठ, एखादा खिसा. सुटणारी बटणं, मणी अजिबात नकोत, तोंडात जातात. सुई द्यायची तर कुणीतरी शेजारी बसूनच, आणि तिला वाकळवाल्या काकू म्हणतात तसं मोठं, जाड काम द्या, बारीक भरतकाम नको, नजर साथ देत नाही मग चिडतात.

आणि प्रदर्शनात आजीचा आजार, तिचं बोलणं, तिचा फोटो लावणार असाल तर आधी घरात नीट बोला. ती नको म्हणू शकत नाही म्हणजे हो म्हणाली असं होत नाही.

रंगपेटी

रात्रपाळी, तुमचं म्हणणं डोक्यावर ठेवतो. फोटो आणि बोलणं याबद्दल शंभर टक्के सहमत.

पण भिंतीवर टांगून काय मिळणार या एका वाक्याशी मी भांडणार. कापडावरच्या खाजगी दुःखाला चारचौघांत आणल्यामुळं कधी कधी फार मोठी गोष्ट होते. अमेरिकेत 1987 ला एड्सनं गेलेल्या माणसांच्या नावाचं एकेक कापड त्यांच्या जवळच्यांनी शिवलं, प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण थडग्याएवढा. त्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ते पसरले तेव्हा 1,920 तुकडे होते, आता 50,000 च्या आसपास गेलेत. सरकार त्या आजाराचं नावही धड घेत नव्हतं अशा काळात आईनं पोराचा शर्ट, जीन्स त्यात शिवली. चिलीमध्ये 1973 च्या लष्करी उठावानंतर माणसं गायब व्हायला लागली, तिथं बायका गोणपाटावर चिंध्या जोडून ती गोष्ट सांगायच्या, काही वेळा गायब माणसाच्याच कपड्याच्या चिंध्या. तिथं विसरायला लावणारं सरकार होतं, त्यामुळं ते टाके पुरावा झाले.

टाका_उसवण ताईंच्या घरात कुणी विसरायला लावत नाहीये, त्यामुळं काम तसं होणार नाही आणि होऊही नये. पण आपल्या शहरात किती घरांत अशी आजी आतल्या खोलीत आहे आणि पाहुणे आले की दार लोटून घेतलं जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. शाहू स्मारकच्या गॅलरीत असं एक काम लागलं आणि चार माणसं घरी जाऊन ते दार उघडं ठेवून बसली तर मला ते पुष्कळ वाटेल.

टाका_उसवण

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मधे काही दिवस उत्तर दिलं नाही कारण काकू आणि रात्रपाळी ताई म्हणाल्या ते करून बघत होते.

आजीला सोप्यात बसवलं, विरलेली दोन लुगडी अंथरली, कोपऱ्यावर पाटे-वरवंटे ठेवले, जाड सुईत दोरा ओवून दिला आणि मी शेजारी बसले. आधी तिनं सुई खाली ठेवली आणि काठावरून अंगठा फिरवत राहिली, पूर्ण काठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली हे जावेचं आहे, माझं नव्हं. आत्या तिथंच होती, तिला हे माहीतच नव्हतं, आणि खरं आहे की नाही सांगायला आता कुणी उरलेलं नाही. मग तिनं सुई घेतली आणि धावदोरा घालायला लागली. टाके बघून मी गप्पच झाले, भाताच्या दाण्याएवढे, एकसारखे, माझे इतक्या वर्षांत तसे येत नाहीत.

ओळ संपली की ती दोरा तोडते, कापड हातानं सपाट करते, आणि परत सुरुवात करते. त्याच ओळीवर. घातलेली ओळ तिला दिसते की नाही माहीत नाही, पण ती पहिलीच म्हणून घालते. असं करत करत एका ओळीवर इतके टाके बसलेत की तिथं कापड आवळून उभी कड झालीय, हात फिरवला की दोरीसारखी लागते. आणि तिच्या शेजारचं सगळं कापड मोकळं, एकही टाका नाही.

भोकं, हळद, ठिगळं सगळ्याचा विचार करत होते त्याच्या कितीतरी पुढचं हे आहे. विसरली म्हणून तर एवढं शिवलं. मी ते उसवणार नाही आणि सरळही करणार नाही. कामाचा मधला भाग तोच राहील, बाजूनं मी आणि आत्या शिवणार आहोत. हो, आत्या बसली शिवायला. कात्री लावायची नाही, अख्खी अंथरायची हे घरात ठरलं, आणि काम होईपर्यंत ती वाकळ आजीकडंच राहणार, ती घेऊन झोपली तरी चालेल. नाव, फोटो, आजाराचा उल्लेख काही नाही.

दोन तांत्रिक प्रश्न. इचलकरंजीवाले दादा, चंद्रकळेचा धागा ओढल्या ओढल्या तुटला, मग ती बाहेरच ठेवू का? आणि मोकळ्या भागात मला हळदीच्या दोऱ्यानं शिवायचंय, तो आजीच्या अंगाला, तोंडाला लागला तर?

पूररेषा_शिरोळ

पहिल्यांदाच लिहितेय इथं. 2019 च्या पुरात आमचं कपाट पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर बरंच काही धुतलं, बरंच टाकलं, पण माझ्या आईचं एक इरकल मी धुतलंच नाही. गाळाची रेघ त्यावर तशीच आहे, रेघेच्या खाली मातकट आणि वर अजून हिरवं. घरातले म्हणतात आता तरी धू, मला हात होत नाही. आई त्याच्या आधीच गेली होती, त्यामुळं ते लुगडं तिचं आहे की पुराचं आहे हे माझं मलाच कळत नाही. तुमचं वाचून ते परत बाहेर काढलं. ते टिकावं म्हणून काय करायचं हे दादांनी सांगितलं तर बरं होईल, गाळ तसाच ठेवून.

दातार_गल्ली_नव्हे_पण_इचलकरंजी

टाका_उसवण ताई, चंद्रकळा बाहेरच ठेवा, निदान वापरातल्या वाकळीत तरी नको. ॲसिड असेल तर शेजारच्या सुताला पण लागतं. मांजरपाट आणा, खळ जाईपर्यंत गरम पाण्यातून दोनदा काढा, वाळलं की चंद्रकळा त्यात सैल गुंडाळून ठेवा. घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर कापड गुंडाळून त्यावर घ्या, घडीवरच आधी तुटतं. डांबराच्या गोळ्या नकोत, वास आणि वाफ दोन्ही वाईट, घरात आजारी माणूस आहे. प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, आत दमट होतं.

हळदीला काळजी नाही, खायची घरची हळद घ्या, बाजारातली रंग मिसळलेली नको. सुती दोरा आधी थोडा धुण्याचा सोडा घालून उकळा म्हणजे त्यातलं मेण-तेल जाईल, मग पाणी बदलून नीट धुऊन घ्या कारण सोडा राहिला तर हळद लाल पडते. मंद आचेवर हळदीच्या पाण्यात अर्धा तास, तसाच थंड होऊ द्या, सावलीत वाळवा. तुरटी घालू नका. धुताना साबण लागला तर लालसर होईल, घाबरू नका, लिंबाच्या पाण्यात बुडवलं की परत पिवळा. आधी एक पट्टी रंगवून अर्धी पुठ्ठ्यानं झाकून गच्चीवर ठेवा, तुमच्या उजेडात किती दिवसांत जातो ते कळेल. प्रदर्शन घरातल्या दिव्यावर असेल तर फार हळू जाईल, खिडकीजवळची भिंत मागा.

टांगताना वरच्या कडेला मागून मांजरपाटाची नळी शिवून त्यात काठी घाला, वजन सगळीकडं सारखं बसेल, चार खिळ्यांवर टांगलं तर विरलेलं लुगडं स्वतःच्याच वजनानं फाटेल.

शिरोळच्या ताई, गाळ ठेवायचा असेल तर आधी ते पूर्ण कोरडं आहे आणि बुरशी नाही याची खात्री करा, बुरशीचा वास येत असेल तर सावलीत वाऱ्यावर काही दिवस पसरा, उन्हात नको, हिरवा उतरेल. सुटी माती मऊ ब्रशनं हलकेच झाडा, रेघेला हात लावू नका. मग धुतलेलं मांजरपाट मधे घालून नळीवर गुंडाळा, मातीची बाजू आत येईल असं. संग्रहालयात जुन्या कापडावर 50 लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात, म्हणजे खोलीतला एक मंद दिवा, तेव्हा बघायला काढलंत तरी दुपारच्या खिडकीत ठेवू नका. इचलकरंजीला आलात तर घेऊन या, सूत बघून सांगतो अजून किती ताकद आहे.